झिजायचे कोणी?

(पुण्यातील वारजे येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांची हयात टूलरूममध्ये गेली. म्हणून यंदाचा विषय लोखंडाचा, पोलादाचा, बुश आणि बेअरिंगचा असावा, असे संयोजकांनी सुचवले आणि मी तो आनंदाने घेतला. या सभागृहातही कारखान्यात तीस-तीस वर्षे काढलेली मंडळी बसली आहेत. पलीकडे कोथरूडला १९६२ साली किर्लोस्कर आणि कमिन्स यांच्या भागीदारीतून डिझेल इंजिनांचा उद्योग सुरू झाला. त्याआधी १९४६ मध्ये खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली होती. मुंढव्याला भारत फोर्जमध्ये क्रँकशाफ्ट घडू लागले. या मोठ्या कारखान्यांच्या आधाराने लहान-मोठी शेकडो वर्कशॉप वाढली. घासणारे भाग बनवायचे, घासलेले भाग बदलायचे, यावर या शहराच्या कितीतरी घरांची चूल पेटली आहे.

सुट्या भागांच्या कुठल्याही दुकानात थोडा वेळ उभे राहा. एक वाक्य हमखास कानावर पडेल : “जरा हार्ड मटेरियलचा द्या, म्हणजे झिजणार नाही.” या वाक्यात अर्धे सत्य आहे. उरलेल्या अर्ध्यामुळे चांगली इंजिने निकामी होतात, ऐन हंगामात पंप बंद पडतात आणि दोष मात्र नशिबाला दिला जातो. आज मला त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल बोलायचे आहे. माझे म्हणणे एका ओळीत सांगतो : कठीणपणा हा एकट्या धातूचा गुण आहे, पण झीज ही जोडीची असते. तो कोणावर घासतो आणि मध्ये काय येते, हे विचारल्याशिवाय कोणताही धातू ‘टिकाऊ’ ठरत नाही.

आधी कठीणपणा म्हणजे काय, ते पाहू. खनिजांसाठी फ्रीड्रिश मोस यांनी १८१२ मध्ये साधी कसोटी दिली : जो दुसऱ्यावर ओरखडा काढतो, तो कठीण. धातूंसाठी १९०० साली स्वीडनच्या ब्रिनेल यांनी पोलादी गोळी दाबून उमटलेला खळगा मोजायला सुरुवात केली. पुढे व्हिकर्स आणि रॉकवेल या पद्धती आल्या. आपल्याकडच्या हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये रॉकवेलचे यंत्र असतेच. हिऱ्याचे टोक दीडशे किलोच्या भाराने दाबायचे आणि डायलवरचा आकडा वाचायचा. ते यंत्र येण्याआधी जुने कारागीर कानस चालवून बघत. कानस धरली तर मऊ, घसरली तर पाणी बरोबर बसले आहे. या सगळ्यांत मोजले जाते ते एकच : दाब दिल्यावर पृष्ठभाग कायमचा किती दबतो. झीज या चाचणीत कुठेच मोजली जात नाही. तिच्याशी कठीणपणाचे नाते आहे, पण ते एका मधल्या पायरीवरून येते.

ती पायरी म्हणजे प्रत्यक्ष स्पर्श. लोखंडाचे दोन गुळगुळीत ठोकळे एकमेकांवर ठेवले, की ते पूर्ण टेकले असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. कितीही ग्राइंडिंग केले तरी पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे राहतात आणि सगळा भार मोजक्या टोकांवर येतो. भार पेलेल इतके क्षेत्रफळ होईपर्यंत ती टोके चेपत जातात. व्हिकर्सचा आकडा म्हणजे जवळपास एका चौरस मिलिमीटरला पेलवणारे किलो. साध्या एमएसचा, म्हणजे माइल्ड स्टीलचा, आकडा २०० धरला, तर एक किलोच्या वजनाला एक चौरस मिलिमीटरचा दोनशेवा भाग पुरतो. ठोकळ्याचा तळ एक चौरस सेंटिमीटर, म्हणजे शंभर चौरस मिलिमीटर असेल, तर त्याचा वीस हजारावा भागच खरा टेकलेला असतो. केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांनी घर्षणाचा अभ्यास याच पायावर उभा केला.

१९५३ मध्ये जे. एफ. आर्चर्ड यांनी त्यावरून झिजेचे सूत्र मांडले. झिजून गेलेला माल भाराच्या आणि घासलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, आणि मऊ बाजूच्या कठीणपणाच्या प्रमाणात घटतो. कठीणपणा दुप्पट, तर टेकणारी जागा निम्मी आणि झीज निम्मी. दुकानातल्या गिऱ्हाइकाचे अर्धे सत्य हेच. पण सूत्रात आणखी एक आकडा आहे, झिजेचा गुणांक. दोन टोके भेटली, की दरवेळी कण निघतोच असे नाही. हजार भेटींत एखाद-दुसरा कण निघेल, किंवा कोटी भेटींत एखादा. हा गुणांक त्या शक्यतेचे माप आहे. आणि तो एका धातूचा नसतो, जोडीचा असतो.

१९५६ मध्ये आर्चर्ड आणि हर्स्ट यांनी अनेक जोड्या कोरड्या घासून मोजल्या. त्यांतल्या तीन सांगतो. एमएसवर एमएस घासले, तर गुणांक हजारात सात. कठीण टूल स्टीलवर साठ-चाळीस पितळ घासले, तर दहा हजारांत सहा. आता हिशेब करा. या पितळेचा कठीणपणा एमएसच्या साधारण निम्मा आहे, पण त्याची झीज सुमारे एक षष्ठांश निघते. तिसरी जोडी पॉलिथिनची. त्याचा कठीणपणा एमएसच्या दहाव्या भागाहून कमी, आणि टूल स्टीलवर त्याचा गुणांक कोटीत एकाच्या आसपास. म्हणजे झीज एमएसच्या जोडीपेक्षा हजारो पटींनी कमी. कठीणपणाचे आकडे तीन ते बाराशे-पंधराशेच्या दरम्यान फिरतात, म्हणजे काही शे पटींचा फरक. झिजेचा गुणांक मात्र लाख पटींनी बदलतो. इतका मोठा आकडा बाजूला ठेवून फक्त कठीणपणा विचारणे म्हणजे खर्चाची मोठी बाब सोडून चिल्लर मोजणे.

हा गुणांक इतका का बदलतो? एमएसवर एमएस घासताना टेकलेल्या टोकांवरचा ऑक्साइडचा पापुद्रा फाटतो, आतला उघडा धातू आपल्याच जातीच्या धातूला भेटतो आणि दोघे सांधले जातात. पुढे सरकताना तो सांधा तुटतो आणि एका बाजूचा लचका निघतो. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट कोरडाच, मशिनने भरभर चढवला, की तो मध्येच कायमचा जाम होतो, हे फॅब्रिकेशनवाल्यांना चांगले ठाऊक आहे. दोन्ही बाजूंना हार्ड क्रोम चढवून एकमेकांवर चालवू नका, हा शॉपमधला जुना दंडकही यातूनच आला. एका बाजूला क्रोम असेल, तर समोर बीड हवे. इंजिनात नेमके तेच असते : रिंगेला क्रोम आणि लाइनर बिडाचा. रिंगेचा कठीणपणा हजाराच्या जवळ, लाइनरचा दोनशे-अडीचशे. बिडात ग्रॅफाइटचे पातळ पदर असतात. ते स्वतः अत्यंत मऊ असतात, पण घासताना पृष्ठभागावर पसरून वंगणाचे काम करतात आणि त्यांच्या खाचांत तेल धरून राहते. होनिंग करून लाइनरवर तिरप्या रेघा काढतात, त्याही तेलासाठीच. त्या रेघा पुसून लाइनर आरशासारखा झाला, की इंजिन ऑइल प्यायला लागते. म्हणजे इथे फार गुळगुळीतपणाही बाधतो.

आता वारज्याच्या रस्त्यावर या. महामार्गाचा बायपास आपल्या शेजारून जातो, बांधकामे चालू असतात, डंपर आणि मिक्सर फिरत असतात. हवेत धूळ आहे, आणि धुळीत गारगोटीचे कण आहेत. सह्याद्रीच्या काळ्या कातळात गारगोटी हा मुख्य घटक नाही, पण त्याच्या पोकळ्यांत ती ठिकठिकाणी भरलेली असते. नदीच्या वाळूतून, शेतातून, मुरमातून ती सगळीकडे पोचते. मोसच्या मापाने तिचा कठीणपणा ७, व्हिकर्सने सुमारे १००० ते ११००. इंडक्शन हार्डनिंग केलेल्या क्रँकशाफ्टच्या जर्नलचा आकडा सहाशेच्या घरात असतो. म्हणजे इंजिनातल्या उत्तम पोलादापेक्षा रस्त्यावरची धूळ कठीण आहे.

कठीण कण पृष्ठभाग खरवडतो तेव्हा नियम वेगळा लागतो. कण पृष्ठभागापेक्षा साधारण सव्वापटीहून कठीण असेल, तोवर तो सरळ नांगरत जातो. त्या टप्प्यात धातू थोडा कठीण केल्याने थोडाच फायदा होतो. सोव्हिएत संशोधक ख्रुश्चोव्ह यांना दिसले, की पाणी देऊन कठीण केलेल्या पोलादाची झीज त्याच्या कठीणपणाच्या प्रमाणात कमी होत नाही, त्यापेक्षा बरीच कमी घटते. मात्र पृष्ठभाग कणाच्या बरोबरीला आला, की झीज एकदम खाली येते. गारगोटीसाठी ही पातळी साधारण ९०० व्हिकर्सची. त्यासाठी नायट्रायडिंग लागते, क्रोम लागते किंवा कार्बाइड. आणि एकदा धुळीच्या पुष्कळ वर गेलात, की त्याहून अधिक कठीणपणासाठी मोजलेले पैसे वाया जातात. म्हणून ‘अजून हार्ड’ मागण्याआधी विचारायचे : समोरचा कण कोणता?

शेतकऱ्याला हा हिशेब फाळावर कळत आला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर केला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. काळ्या मातीत लाकडी नांगराला जे जमत नव्हते, ते लोखंडाने जमले, पण फाळ गारगोटीवर झिजायचाच. लोहार फाळ शेवटून देतो आणि टोकाला पाणी देतो. पाणी कमी पडले तर टोक बोथटते. जास्त झाले तर दगडावर आदळून टवका उडतो. कठीणपणा वाढवताना चिवटपणा गमावला, की झीज कणाकणाने होत नाही, तुकड्यांनी होते. म्हणूनच गिअरला केस हार्डनिंग करतात : वर मिलिमीटरभर साठ रॉकवेलची कवची आणि आत चिवट गाभा.

यातूनच आणखी एक पोलाद समजते. १८८२ मध्ये शेफिल्डच्या रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी सुमारे बारा टक्के मँगनीज घालून ते तयार केले. नवे असताना ते दोनशेच्या आसपास, म्हणजे चक्क मऊ. पण ठोके बसले, की त्याची वरची कातडी दुपटीहून अधिक कठीण होते आणि आतून ते चिवटच राहते. पुण्याभोवतीच्या खडी क्रशरांच्या जबड्यात ते चालते, रेल्वेच्या क्रॉसिंगवर चालते. तेच पोलाद नुसत्या वाळूच्या घसरगुंडीला लावले, तर ठोके न बसल्यामुळे ते मऊच राहते आणि झपाट्याने झिजते. धातू तोच, काम बदलले आणि निकाल उलटला.

आता एक वस्तू जवळून पाहू. डिझेल इंजिनाचे मेन बेअरिंग, अर्ध्या वाटीसारखी कवची. बाहेरून ती पोलादाची असते. आत तांबे-शिसे किंवा ॲल्युमिनियम-कथिल यांचा पातळ थर असतो आणि पुष्कळ बेअरिंगांत त्याच्याही वर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा मऊ मुलामा. नखाने त्यावर ओरखडा उठतो. इतक्या मऊ वस्तूवर टनांचा भार घेऊन क्रँकशाफ्ट फिरतो, आणि ती वस्तू एक ओव्हरहॉल ते दुसरे ओव्हरहॉल एवढा काळ टिकते. याचे कारण असे, की चालू इंजिनात दोघे एकमेकांना टेकतच नाहीत. शाफ्ट स्वतःच्या फिरण्याने तेल ओढून घेतो आणि काही मायक्रॉनच्या पापुद्र्यावर तरंगतो. मऊ थराची खरी गरज पडते ती सुरू होताना, बंद होताना आणि धुळीचा कण आत शिरला तर. तेव्हा मऊ थर कणाला पोटात घेतो, जरा दबतो आणि शाफ्ट वाचवतो. आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये कथिलाच्या मिश्रधातूचे बेअरिंग काढले, तेव्हापासून ही रीत चालू आहे. कवची स्वस्तात येते, क्रँकशाफ्ट कित्येक पटींनी महाग पडतो. झिजायचे कोणी, याचा निर्णय इथे आराखडा काढतानाच झालेला असतो. दुरुस्तीच्या वेळी ‘मजबूत हवे’ म्हणून जो मऊ थराच्या जागी कठीण बुश ठोकतो, तो झिजेचे बिल शाफ्टच्या नावाने फाडतो.

आता याची दुसरी बाजूही नीट पाहिली पाहिजे. कित्येकदा बुश बरा दिसतो आणि शाफ्टच खाल्लेला असतो. मेकॅनिक चकित होतो : पितळेने पोलाद खाल्ले कसे? टूलरूमच्या लोकांना याचे उत्तर माहीत आहे, कारण तेच तंत्र ते हातात धरून वापरतात. कठीण गेजला शेवटचा हात फिरवायचा, तर लॅप बिडाचा किंवा तांब्याचा घेतात, गेजपेक्षा मऊ. अपघर्षक पावडर मऊ लॅपमध्ये रुतून बसते आणि तिची टोके कठीण गेज कापतात. लॅप कठीण असता, तर पावडर त्याच्यात रुतली नसती आणि लॅपच कापला गेला असता. बेअरिंगमध्येही तेच घडते. धूळ थोडी आणि बारीक असेल, तर मऊ थर ती गिळून टाकतो. ती खूप किंवा मोठी झाली, तर बुशच लॅप बनतो. म्हणून बेअरिंगचा मऊपणा हा फिल्टरला पर्याय नाही. एअर फिल्टरचे फाटलेले गॅस्केट दोन पैशांचे, पण ते न बदलल्याने लाइनर, रिंगा आणि शाफ्ट तिन्ही जातात.

झीज आणि कठीणपणा यांचा घोळ होतो, तसाच झीज आणि घर्षण यांचाही होतो; तो एकदा सर्जरीच्या टेबलावर झाला होता. इंग्लंडचे शल्यविशारद जॉन चार्नली यांनी कृत्रिम खुब्यासाठी आधी टेफ्लॉनची वाटी घेतली, कारण तिचे घर्षण अतिशय कमी. पण ती वेगाने झिजली आणि झिजलेल्या कणांनी शरीरात दाह केला. मग १९६२ मध्ये त्यांनी उच्च रेणुभाराचे पॉलिथिन वापरले आणि शस्त्रक्रिया यशस्वी झाली. इथे बसलेल्या ज्या ज्येष्ठांनी गुडघा बदलून घेतला आहे, त्यांच्या गुडघ्यातही धातूवर पॉलिथिनच सरकते आहे. सरकत राहणारा मऊ पदार्थ टिकाऊ असू शकतो, याचा पुरावा सभागृहात चालत आला आहे.

१९६६ च्या मार्चमध्ये ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने अहवाल दिला : घर्षण, झीज आणि वंगण यांचे ज्ञान नीट वापरले, तर देशाचे वर्षाला ५१.५ कोटी पौंड वाचतील. त्याच वर्षी पुण्यात ‘एआरएआय’ ही वाहन संशोधन संस्था स्थापन झाली. म्हणजे ज्ञान आपल्या टेकडीवरच्या या संस्थेत आहे, महाविद्यालये आपल्या शेजारी आहेत, हात आपल्या गल्लीत आहेत. हे तिघे एका टेबलावर कमी बसतात, याची मला मनापासून खंत वाटते. पिन ऑन डिस्कचे साधे यंत्र, म्हणजे फिरत्या तबकडीवर नमुन्याची काडी दाबून झीज मोजणारे, विद्यार्थी आपल्या प्रकल्पात बनवू शकतात. शेजारच्या वर्कशॉपमधली खरी जोडी, खरे तेल आणि खरी धूळ घेऊन त्यावर चाचणी केली, तर त्या प्रकल्पाचा कुणाला तरी उपयोग होईल.

शेवटी एक विनंती. झिजलेला भाग लगेच भंगारात टाकू नका. तो पुसा, उजेडात तिरपा धरा आणि वाचा. सरळ समांतर ओरखडे असतील, तर धूळ शिरली आहे : फिल्टर आणि सील बघा, धातू बदलण्यात अर्थ नाही. फाटलेला, लिंपलेला, लचके निघालेला पृष्ठभाग असेल, तर तेल पोचले नाही किंवा जोडी एकाच जातीची आहे : वंगण आणि जोडीदार बदला. बारीक खळगे पडले असतील, तर वारंवारच्या दाबाने पृष्ठभाग थकला आहे : भार आणि अलाइनमेंट तपासा, केस हार्डनिंगच्या कवचीची खोली वाढवा. या तिन्हींपैकी मोजक्याच ठिकाणी ‘अधिक कठीण’ हे योग्य उत्तर ठरते. त्या भागावर तारीख, चाललेले तास आणि कोणते तेल होते, एवढे लिहून चिठ्ठी बांधा आणि फळीवर ठेवा. वर्षभरात त्या फळीवर तुमच्या शॉपचे स्वतःचे पुस्तक तयार होईल. पुढचे गिऱ्हाईक ‘हार्ड द्या’ म्हणत आले, की त्यातला एक तुकडा त्याच्या हातात द्या आणि विचारा, “कशावर घासणार, मध्ये काय येणार, आणि दोघांतले कोण झिजलेले तुम्हाला परवडेल?”